आमची मेंढरं आणि डुकरं कुठे न्यायची, ते ग्रामसभेत ठरू द्या

प्रति,
ग्रामपंचायतीच्या अध्यक्ष, उपाध्यक्ष, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब आणि सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पंचायतीचा शिपाई आमच्या गल्लीत घरोघरी एक नोटीस देऊन गेला. गावठाणातले मेंढरांचे वाडे आणि डुकरांची शेडं महिन्याभरात काढावीत, नाही काढली तर पंचायत काढील आणि खर्च मालकाकडून वसूल करील, असं त्या नोटिशीत आहे. त्यानंतर कळलं की पंचायतीच्या ज्या बैठकीत हे ठरलं, त्याच बैठकीत गायरानातला रस्त्याकडचा तुकडा कचरा केंद्राला आणि गोदामाला द्यायचा ठरावही झाला. घरामागून जनावरं काढा म्हणता आणि जिथे ती नेता आली असती ती जागाही दुसऱ्याला देता. दोन्ही ठराव ग्रामसभेपुढे आले नाहीत. म्हणून हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

तुमच्यातल्या कित्येकांना मी भावजी म्हणते. अध्यक्षबाई तर माझ्या माहेरकडच्या. कुणाशी वैर धरायचं म्हणून मी लिहीत नाही. पण गावात ज्यांच्याकडे दहा-वीस मेंढरं आणि दोन-तीन डुकरिणी आहेत, त्यांच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं. आमच्यातले बहुतेक जण पंचायतीच्या पायऱ्या चढताना अजून चपला बाहेर काढतात. ते लिहिणार नाहीत.

आमचं घर खानापूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या माळावरचं. जमीन अडीच एकर. त्यात एक एकर भात, बाकी जोंधळा, नाचणी, थोडा भुईमूग. एवढ्यावर पाच माणसांचं घर चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमचीही शेतं तशीच आहेत. आमच्याकडे बावीस मेंढरं आहेत, सासऱ्यांच्या वेळच्या काळ्या दख्खनी जातीची. त्यात जत भागातून आणलेला माडग्याळी नर घातल्यापासून कोकरं अंगानं मोठी होऊ लागली. शिवाय तीन पांढऱ्या यॉर्कशायर डुकरिणी आणि एक नर. मेंढरं सासरची, डुकरं मी सुरू केलेली. स्त्रीशक्ती संघाचं, म्हणजे बायकांच्या बचत गटाचं, कर्ज काढून मी ते शेड बांधलं आणि ते कर्ज फेडलंही.

हे दोन्ही का ठेवतो, ते समजून घ्या. मेंढी पाच महिन्यांनी विते आणि बहुधा एकच कोकरू देते. तिचा पैसा हळू येतो, पण ती माळावरच्या गवतावर आणि शेतातल्या धसकटांवर जगते, विकतचं फार काही मागत नाही. डुकरीण ११४ दिवसांत विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं देते, पण तिला रोज चारावं लागतं. आम्ही तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड आणि हॉटेलातलं खरकटं चुलीवर अर्धा तास उकळून घालतो. मेंढरांचा पैसा बकरी ईदच्या सुमाराला आणि जत्रांच्या दिवसांत येतो, डुकरांचा नाताळच्या आधी, गोव्याकडून. अधल्यामधल्या महिन्यांत घरात रोकड लागली, शाळेची फी आली, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, की एक जनावर जातं. लेंडीखत आमच्याच भाताला पडतं, आणि शेजाऱ्यांच्याही. तुमच्यातल्या दोघांच्या शेतात गेल्या उन्हाळ्यात आमची मेंढरं बसवली होती, तेव्हा आम्ही पैसे न घेता पायलीभर जोंधळा घेतला. हे सगळं मी उपकार म्हणून मोजत नाही. गावची शेती आणि आमची मेंढरं वेगळी काढता येत नाहीत, एवढंच तुमच्या ध्यानात आणून देते.

आता वासाची तक्रार. ती खरी आहे. पावसाळ्यात डुकरांच्या शेडाचा वास येतो, आणि शेजारच्या घरात तान्हं मूल आहे. त्या माऊलीला मी चुकीचं म्हणणार नाही. डासांमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू डुकरांच्या अंगात वाढतात, त्यामुळे डुकरं घरांपासून लांब असावीत हेही शास्त्राला धरून आहे. पण नोटिशीत ‘डुकरांमुळे रोगराई’ असं एका ओळीत लिहिलंय, ते तसं सरळ नाही. डुकराच्या मांसात जो जंत सापडतो, तो माणसाच्या उघड्यावरच्या विष्ठेतून डुकरात जातो. बंद शेडात, उकळलेल्या अन्नावर वाढलेल्या डुकराला तो व्हायचं कारण नाही. गटारीतून मोकाट फिरणारी डुकरं आणि शेडातली डुकरं तुम्ही एकाच नोटिशीत बांधलीत. मोकाट डुकरांना आळा घाला, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. मेंढरांचं तर काय कारण दिलंय तेच कळत नाही. त्यांचा वाडा सासूबाई रोज सकाळी झाडतात.

आम्ही हलायला तयार आहोत. गावठाणापासून दोनशे-तीनशे मीटरवर, पाण्याची सोय आणि शेणाचा खड्डा असलेली जागा द्या, पुढच्या आठवड्यात आम्ही शेडं उचलू. जागा न दाखवता काढा म्हणणं म्हणजे विकून टाका म्हणणं. गावात तसंच होतं आहे. नोटीस आल्यापासून दलाल गल्लीत फिरू लागले आहेत, आणि महिन्याची मुदत त्यांनाही माहीत आहे. गाभण मेंढी खाटकाच्या भावाने मागतात.

गायरानाबद्दल जास्त लिहिते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

ती जमीन उताऱ्यावर गोमाळ, म्हणजे गायरान, म्हणून आहे. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ सालचा. त्याच्या ७१ व्या कलमात लिहिलं आहे की गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. १९६६ च्या नियमांत, ९७ व्या नियमात, दर शंभर गुरांमागे बारा हेक्टर गायरान राखावं असं प्रमाण दिलं आहे. आपल्या गावात गुरं किती, मेंढरं-शेळ्या किती आणि गायरान उरलंय किती, हा हिशेब बैठकीत कुणी मांडला का? मांडला असेल तर तो फलकावर लावा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी वाचवायला आणि त्यांवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. आपल्या गायरानावर अगोदरच कुणाकुणाच्या कुंपणाची तार आत सरकली आहे, हे मेंढरं चारणाऱ्या प्रत्येकाला पायाखालचं माहीत आहे. नावं मी इथे घेत नाही. मोजणी झाली की ती आपोआप दिसतील.

कचरा केंद्राला माझा विरोध नाही. गावाला ते हवंच, प्लॅस्टिक खाऊन आमच्या दोन मेंढ्या मेल्या आहेत. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला, मेंढरांच्या पाणवठ्याशेजारी ते का? खालच्या बाजूला पडीक खडीची खाण आहे, ती जागा तरी पाहिली का?

गायरान गेलं तर जंगलात जा, असं एका सदस्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं म्हणे. जंगल आता आमचं राहिलेलं नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, त्याच्या बाहेरच्या रानातही फॉरेस्टवाले मेंढरू दिसलं की अडवतात, आणि जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वनमंत्र्यांनी जंगलात चराई बंद करायचे आदेश दिले. जंगल राखायला हवं, वाघ-बिबट्यांसाठी आणि आमच्या ओढ्यांच्या पाण्यासाठीही, हे मला मान्य आहे. पण रान बंद, गायरान बंद आणि घरामागचा वाडाही बंद, असं तिन्हीकडून झाल्यावर माणसानं मेंढरू धरायचं कुठे? पावसाळा सरल्यावर पूर्वेकडच्या कोरड्या भागातले मेंढपाळ शेकड्यांनी मेंढरं घेऊन इकडे येतात. त्यांच्यासाठी विधिमंडळाने २०२५ मध्ये कायदा केला, फिरत्या मेंढपाळांना मारहाण आणि छळापासून संरक्षण दिलं. फार चांगलं झालं. आम्ही फिरत नाही, घर धरून आहोत, म्हणून आमचा विचार कुठल्याच कागदात नाही.

दुसरी तक्रार दवाखान्याची. ती पूर्णपणे तुमच्या हातात नाही, पण तालुक्याला पत्र पाठवणं तुमच्या हातात आहे.

आमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची जागा रिकामी आहे. शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. ते मनापासून काम करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण वेगळीच आहे आणि ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. पीपीआर म्हणजे मेंढरा-शेळ्यांचा तो साथीचा रोग, ज्यात डोळ्या-नाकातून पाणी येतं, तोंड सोलतं, हगवण लागते आणि पाच-सहा दिवसांत जनावर जातं. त्याची लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षं पुरते. ही लस पन्नास-शंभर डोसांच्या बाटलीत येते, बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. बावीस मेंढरांसाठी ती बाटली कोण फोडणार? पाचशे मेंढरांच्या कळपाकडे डॉक्टर आनंदाने जातात, आमच्याकडे आले तर उरलेली लस ओतून द्यावी लागते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी मिळाली तर उपयोग. कोवळं गवत खाऊन कोकरं संध्याकाळी बरी असतात आणि सकाळी ताठ झालेली सापडतात, तेव्हा लस येऊन काही होत नाही. डुकरांच्या साध्या (क्लासिकल) स्वाइन फीवरच्या लशीचंही तेच.

यावर उपाय अवघड नाही. पाच-सहा वस्त्यांनी मिळून एक दिवस ठरवायचा, पंचायतीने दवंडी द्यायची, सगळ्यांनी आपापली मेंढरं एका जागी आणायची. एका सकाळी दोनशे-अडीचशे जनावरं टोचून होतात, एक थेंब वाया जात नाही. कानातले बारा आकड्यांचे बिल्लेही त्याच वेळी लावून घेता येतील. जगातून पीपीआर २०३० पर्यंत संपवायचा असं ठरलंय, देशानेही तेच ठरवलंय. तो संपायचा असेल तर आमच्यासारख्यांच्या वाड्यातून संपेल, कारण तो लपून राहतो तो इथेच.

डॉक्टर नसल्याचा आणखी एक तोटा. जनावर गाडीत घालून बाहेर न्यायचं तर पशुवैद्याचा दाखला लागतो, अनमोड किंवा चोर्ला घाटाने गोव्यात न्यायचं तर नाक्यावर तो बघतात. दाखला वेळेवर मिळत नाही म्हणून आम्ही दारातच विकतो. दारात विकायचं म्हणजे काट्यावर नाही, उक्त्यात. दलाल डुकराच्या पाठीवर हात फिरवून आकडा सांगतो आणि आम्ही हो म्हणतो. नव्वद किलोचं डुक्कर सत्तरच्या भावात जातं. पंचायतीच्या आवारात एक मोठा काटा बसवला, तर त्याचा खर्च एका सभागृहाच्या रंगापेक्षा कमी येईल.

योजनांबद्दल थोडक्यात. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के अनुदान आहे, पण सगळ्यात खालचा टप्पा शंभर मेंढ्या आणि पाच नरांचा, डुकरांसाठी पन्नास माद्या आणि पाच नरांचा. अडीच एकरवाल्याला त्यात जागा नाही. २०१९ च्या पशुगणनेत कर्नाटकात १ कोटी ११ लाख मेंढरं मोजली गेली, तेलंगण आणि आंध्रनंतर देशात सगळ्यात जास्त. ती सगळी शंभराच्या कळपातली आहेत का? राज्याच्या अनुग्रह योजनेत मेंढरू किंवा शेळी दगावली तर भरपाई मिळते, पूर्वी पाच हजार, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती साडेसात हजार केली. हा मोठा आधार आहे आणि मी तो मान्य करते. पण पंचनाम्याला डॉक्टर वेळेत आले नाहीत तर दावा कसा करायचा? मेलेलं मेंढरू पावसात किती वेळ ठेवणार? आणि त्या योजनेत डुकराचं नाव नाही.

डुकराचं नाव नसणं किती धोक्याचं आहे ते सांगते. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० मध्ये पहिल्यांदा आला, आसाम आणि अरुणाचलात. माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला तर वाचत नाही, आणि आपल्याकडे त्याची लस नाही. एका शेडात सापडला की एक किलोमीटरच्या परिसरातली सगळी डुकरं मारावी लागतात, तसा नियम आहे आणि तो योग्य आहे. मारलेल्या डुकरांची भरपाई ठरलेली आहे. ती वेळेवर हातात पडेल असा भरवसा गरीब माणसाला नसेल, तर पहिलं डुक्कर आजारी पडल्यावर तो कळवणार नाही, रात्रीत विकून मोकळा होईल, आणि रोग बाजारातून चार तालुक्यांत जाईल. मी कळवीन. पण सगळ्यांकडून तशी अपेक्षा करायची तर भरपाई कशी, किती, कधी मिळते हे पंचायतीने आज, रोग नसताना, सांगायला हवं.

ज्या पंचायतीने शेडं पाडायची नोटीस दिली, तिच्याच हातात मनरेगा या रोजगार हमी योजनेतून लहान शेतकऱ्यांना मेंढरांचा गोठा आणि डुकरांचं शेड मंजूर करायचा अधिकार इतकी वर्षं होता. आपल्या गावात असं एकही शेड झालेलं मला दिसत नाही.

नोटीस फक्त कन्नडमध्ये होती. कन्नड राज्याची भाषा आहे, माझी मुलं ती शिकतात, बाजारात मीही बोलते. पण सासूबाईंना मराठीच वाचता येतं, आणि शिपायाने त्यांच्याकडून पोचीवर अंगठा घेतला तेव्हा कागदात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या भागात पंधरा टक्क्यांहून अधिक लोक दुसरी भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात असं धोरण देशात फार वर्षांपासून आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने आपली तक्रार आपल्या भाषेत मांडायचा हक्कही दिला आहे, म्हणून हे पत्र मराठीत. कन्नड प्रत सोबत जोडते, मोठ्या मुलाने लिहून दिली आहे. सीमेचा वाद मी यात आणत नाही. आमच्या शेजारच्या कन्नड घरांतही मेंढरं आहेत आणि त्यांनाही हीच नोटीस आली आहे. हे निवेदन द्यायला आम्ही एकत्रच येऊ.

तर आमचं मागणं असं आहे.

नोटिशीला आणि गायरानाच्या ठरावाला ग्रामसभा होईपर्यंत स्थगिती द्या. ग्रामसभा बोलवा, दिवस आठवड्याच्या बाजाराचा नसावा, आणि वेळ मेंढरं सुटायच्या आधीची किंवा परतल्यानंतरची ठेवा, म्हणजे आमच्यातले लोक येऊ शकतील. बायकांना बोलू द्या.

गायरानाची मोजणी करून नकाशा पंचायतीच्या दारात लावा. कचरा केंद्रासाठी खाणीची जागा तपासा. गायरानाच्या एका कडेला सामाईक शेडांसाठी जागा आखून द्या, पाण्याचा एक नळ आणि शेणखड्डे रोजगार हमीतून करा. डुकरांची शेडं वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, मेंढरांचे वाडे वेगळे. जागा तयार झाल्यावर दोन महिन्यांची मुदत द्या, त्यानंतर गावठाणात ज्याची डुकरं राहतील त्याला खुशाल दंड करा.

रिकाम्या जागेवर डॉक्टर नेमावा असा ठराव करून तालुका आणि जिल्हा पंचायतीला पाठवा, आणि आमदारांनाही द्या. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात अधिवेशन भरतं, तेव्हा डुकरांना अनुग्रह योजनेत घ्यावं आणि अभियानातला टप्पा दहा-वीस जनावरांपर्यंत खाली आणायला केंद्राला सांगावं, हे दोन प्रश्न त्यांनी तिथे विचारावेत. लसीकरणाचा एक दिवस मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, पंचायतीने ठरवावा. दवंडी द्यायला आणि मेंढरं गोळा करायला आमच्या संघाच्या बायका येतील. वजनकाटा बसवा. यापुढे नोटीस दोन्ही भाषांत द्या.

मुदत संपायच्या आत लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. तोपर्यंत आम्ही शेडं काढणार नाही. कुणी काढायला आलं तर त्याच्याशी झटापट करणार नाही, दारात उभं राहून ग्रामसभेचा ठराव दाखवा एवढंच म्हणू. आमच्याकडे सध्या सहा मेंढ्या गाभण आहेत आणि एक डुकरीण येत्या अमावास्येच्या सुमाराला विणार आहे. तिला पिल्लांसह हलवायचं तर निदान सहा आठवडे जायला हवेत, हे उत्तर लिहिताना लक्षात घ्यावं.

आपली,
वॉर्ड क्रमांक २ मधली एक शेतकरी आणि मतदार,
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव